पदग्रहणासाठी लागणारे प्रशासकीय शुल्क कोणी भरावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडून आलेल्या किंवा नेमलेल्या व्यक्तीला प्रत्यक्ष पदभार स्वीकारण्याआधी काही औपचारिकता पूर्ण कराव्या लागतात आणि त्यांपैकी बऱ्याच औपचारिकतांसाठी पैसे मोजावे लागतात. चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय तपासणी, शपथपत्राचे प्रमाणन, हमीपत्राचा हप्ता, नोंदणी, राजपत्रातील प्रसिद्धी, अनिवार्य प्रशिक्षण अशी ही यादी पदानुसार लहानमोठी होते. नियम करणाऱ्यांनी अट काळजीपूर्वक लिहिलेली असते. तिचा खर्च कोणी सोसायचा हे मात्र बहुधा लिहायचे राहून जाते, आणि मग तो खर्च नव्या पदाधिकाऱ्याच्या खिशातून जातो. या विषयावर पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची आमची उत्तरे येथे दिली आहेत.

पदग्रहणासाठीचे प्रशासकीय शुल्क म्हणजे नेमके काय धरायचे?

जी रक्कम भरल्याशिवाय पदभार स्वीकारता येत नाही, आणि ते पद मिळाले नसते तर जी भरण्याचे कारणच पडले नसते, ती रक्कम येथे अभिप्रेत आहे. या व्याख्येचे दोन्ही भाग एकाच वेळी लागू व्हायला हवेत. एखाद्याचा कर थकलेला असेल आणि तो भरल्याशिवाय पद मिळत नसेल, तर पहिला भाग लागू होतो, पण दुसरा होत नाही. कारण तो कर पद नसतानाही भरायचाच होता. उलट शपथविधीसाठी शिवलेल्या नव्या कपड्यांचा खर्च पदामुळे झाला असला तरी त्यावाचून पदग्रहण अडत नाही. या दोन्ही गोष्टी या पानाच्या विषयात बसत नाहीत.

मग हे शुल्क कोणी भरावे, याचे थोडक्यात उत्तर काय?

ज्या संस्थेच्या कारभाराच्या रक्षणासाठी अट घातलेली आहे, त्या संस्थेच्या निधीतून ते भरले जावे, आणि शक्यतो थेट भरले जावे. चारित्र्य पडताळणी पदाधिकाऱ्याला स्वतःच्या चारित्र्याची खात्री पटावी म्हणून होत नाही. ज्यांचा कारभार त्याच्या हाती जाणार आहे त्यांना खात्री पटावी म्हणून ती होते. ज्यांच्यासाठी खात्री करून घ्यायची, त्यांनीच त्या खात्रीचा खर्च उचलणे हे आम्हाला सरळ न्यायाचे वाटते.

पदाबरोबर मान, अधिकार आणि बहुधा मानधनही मिळते. मग पदाधिकाऱ्याने थोडी पदरमोड केली तर बिघडले कुठे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि तो विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. लोकसेवा करायची म्हणजे काही झळ सोसण्याची तयारी हवी, ही भावना त्यामागे असते. परंतु या वाटेने गेलेल्या समाजांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

रोमन साम्राज्यातील अनेक नगरांत नवा नगराधिकारी पदावर येताना नगराच्या खजिन्यात ठरावीक रक्कम भरत असे. उत्तर आफ्रिकेतील त्या काळच्या नगरांत सापडलेल्या शिलालेखांत अशा रकमांचे आणि त्यांहून अधिक दिलेल्या देणग्यांचे उल्लेख मोठ्या संख्येने आढळतात. आज आपण जो प्रश्न विचारत आहोत, तो तेव्हाही विचारला गेला होता. इ. स. ११० च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा कारभार पाहणाऱ्या प्लिनीने सम्राट ट्राजनला लिहिले की, काही नगरांत मंजूर संख्येपेक्षा जास्त घेतलेले सभासद नगरसभेत प्रवेश करताना एक किंवा दोन हजार दिनार भरतात. नंतर एका प्रांताधिकाऱ्याने काही थोड्या नगरांत नेहमीच्या पद्धतीने निवडलेल्या सभासदांनाही पैसे भरायला लावले, आणि रक्कमही नगरागणिक वेगळी ठेवली. तेव्हा सर्वांनीच भरावे असा नियम करावा काय? ट्राजनने सर्व प्रांतासाठी एकच नियम करण्याचे नाकारले आणि प्रत्येक नगराने आपापला कायदा पाळावा, असे उत्तर दिले. म्हणजे प्रश्न तसाच राहिला. या पत्रव्यवहारात लक्ष देण्यासारखी गोष्ट ही की, जादा सभासदांपुरते असलेले शुल्क हळूहळू सर्वांवर येऊ लागले होते. चौथ्या शतकापर्यंत नगरसभेचे सभासदत्व इतके खर्चिक झाले होते की, ते टाळण्यासाठी लोक सैन्यात, धर्मसंस्थेत किंवा दूरच्या गावी निघून जात, आणि त्यांना परत आणून पदावर बसवण्यासाठी साम्राज्याला कायदे करावे लागले.

दुसरा धोका याच्या नेमका उलट आहे. ॲरिस्टॉटलने उत्तर आफ्रिकेतील कार्थेज या प्राचीन नगरराज्याच्या राज्यव्यवस्थेचे परीक्षण करताना, तेथे सर्वोच्च पदे विकत मिळतात यावर आक्षेप घेतला; पैसे खर्च करून पदावर आलेल्या माणसाला त्या पदातून नफा काढायची सवय लागणे स्वाभाविक आहे, असे त्याचे म्हणणे होते. फ्रान्समध्ये १६०४ पासून न्यायालयीन आणि वित्तीय पदांवरील अधिकारी पदाच्या किमतीच्या साठाव्या भागाइतकी रक्कम दरवर्षी भरून ते पद आपल्या वारसाकडे देण्याचा हक्क टिकवू लागले. राजाच्या तिजोरीला उत्पन्न मिळाले. पण पद ही घराण्याची मालमत्ता बनली आणि राजालाही ती परत घेता येईना. ही पद्धत मोडायला १७८९ ची क्रांती व्हावी लागली.

आजचे पडताळणी शुल्क आणि फ्रान्समधील पदविक्री या एकाच मापाच्या गोष्टी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. पण पदाधिकाऱ्याच्या मनात ‘मी यासाठी पैसे भरले आहेत’ ही नोंद होणे, आणि पैसे नसलेल्याने मागे फिरणे, हे दोन्ही परिणाम लहान रकमेतही सुरू होतात.

शुल्क अगदी क्षुल्लक असेल तरीही सार्वजनिक निधीतूनच भरायचे का?

होय. रक्कम क्षुल्लक असेल तर ती संस्थेसाठीही क्षुल्लकच आहे. शिवाय, एखादी रक्कम लहान आहे की मोठी हे ज्याला ती भरायची आहे त्याच्या परिस्थितीवर ठरते, आणि नियम लिहिणाऱ्याची परिस्थिती बहुधा बरी असते. प्रत्यक्षात एकच शुल्क क्वचितच असते. एका खिडकीवर पडताळणीचे, दुसरीकडे छायाचित्रांचे, तिसरीकडे साक्षांकनाचे, मग तपासणीसाठी दूरच्या रुग्णालयात जाण्याचे आणि त्या दिवसाची मजुरी बुडण्याचे, असे सगळे मिळून जे होते ते कोणत्याच नियमात एकत्र लिहिलेले नसते.

यामुळे करदात्यांवर भार पडणार नाही का?

थोडा पडेल. पण भार पडणे हेच येथे उपयोगाचे आहे, कारण जो खर्च दुसऱ्याच्या खिशातून होतो त्याची गरज कोणी तपासत नाही.

याचे चांगले उदाहरण अमेरिकेच्या संघराज्य शासनातील हमीपत्रांचे आहे. सरकारी पैसा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना जामीनदार कंपनीचे हमीपत्र, म्हणजे त्यांच्या गैरवर्तनाने झालेले नुकसान भरून देण्याची कंपनीची लेखी हमी, द्यावे लागे आणि त्याचा हप्ता ते स्वतः भरत. १९५५ मध्ये कायदा झाला आणि हा खर्च सरकारी खात्यांवर आला. त्यानंतर १९७२ मध्ये दुसरा कायदा करून अशी हमीपत्रे घेणेच बंद करण्यात आले आणि होणारे नुकसान सरकारने स्वतः सोसण्याचे धोरण स्वीकारले. खर्च स्वतःच्या अंदाजपत्रकात दिसू लागल्यावर, या हप्त्यांच्या बदल्यात आपल्याला काय मिळते हा प्रश्न शासनाला विचारावा लागतो. तो कर्मचाऱ्यांच्या पगारातून जात असेपर्यंत विचारण्याचे कारण नसते. म्हणून संस्थेने शुल्क भरावे या आग्रहात पदाधिकाऱ्याची सोय हा एकच भाग नाही. निरुपयोगी अटी गळून पडाव्यात, हाही त्यातला तितकाच मोठा भाग आहे.

हमीपत्र नेमके कसे काम करते आणि त्याचा हप्ता वेगळा का मानायचा?

कोषाध्यक्ष, करवसुली अधिकारी, न्यायालयीन नोंदी सांभाळणारे अधिकारी अशा पदांसाठी आजही बऱ्याच ठिकाणी हमीपत्र लागते. अमेरिकेतील अनेक राज्यांत ते दाखल केल्याशिवाय पदभार स्वीकारता येत नाही. पुष्कळ पदाधिकाऱ्यांना हा आपला विमा आहे असे वाटते आणि म्हणून हप्ता आपण भरणे योग्यही वाटते. हा समज बरोबर नाही. हमीपत्रात तीन पक्ष असतात: पदाधिकारी, त्याची संस्था आणि जामीनदार कंपनी. पदाधिकाऱ्याच्या गैरवर्तनामुळे संस्थेचे नुकसान झाले तर कंपनी संस्थेला भरपाई देते आणि मग तीच रक्कम पदाधिकाऱ्याकडून वसूल करू शकते. म्हणजे संरक्षण मिळते ते संस्थेला. पदाधिकाऱ्याची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. दुसऱ्याच्या संरक्षणाचा हप्ता याने भरावा, याला आधार सापडत नाही.

यात आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जामीनदार कंपनी हप्ता ठरवताना अर्जदाराचा कर्जफेडीचा इतिहास पाहते. पूर्वी आजारपणात किंवा धंदा बुडाल्यामुळे कर्जबाजारी झालेल्या, पण मतदारांनी विश्वासाने निवडून दिलेल्या व्यक्तीला जास्त हप्ता पडू शकतो किंवा हमीपत्र नाकारलेही जाऊ शकते. तसे झाले तर मतदारांचा निर्णय एका कंपनीच्या जोखीम विभागात फिरवला जातो. संस्थेने व्यक्तीच्या नावाऐवजी पदाच्या नावाने, सर्व पदांसाठी मिळून एकच सामूहिक हमीपत्र घेतले, तर ही अडचण बरीच कमी होते आणि खर्चही सहसा आटोक्यात राहतो.

पदाधिकाऱ्याने आधी भरावे आणि नंतर प्रतिपूर्ती घ्यावी, ही व्यवस्था पुरेशी नाही का?

काही नसण्यापेक्षा ती बरी आहे, पण ती अपुरी आहे. ज्याच्या हातात आज पैसे नाहीत, त्याला तीन महिन्यांनी परत मिळतील या आश्वासनाचा आज उपयोग होत नाही. प्रतिपूर्तीचा अर्ज ज्या कार्यालयाकडे करायचा, ते बहुधा नव्या पदाधिकाऱ्याच्याच देखरेखीखाली येणार असते. त्यामुळे संकोची माणूस अर्जच करत नाही आणि निःसंकोच माणूस नको ते खर्चही त्यात घालतो. लेखापरीक्षकाच्या दृष्टीनेही, संस्थेने पडताळणी कार्यालयाला थेट दिलेली रक्कम तपासणे हे व्यक्तीच्या पावत्या जुळवण्यापेक्षा सोपे असते.

थेट भरणे खरोखरच शक्य नसेल, उदाहरणार्थ शुल्क अर्जदाराच्याच खात्यातून स्वीकारले जात असेल, तर आगाऊ रक्कम द्यावी आणि पावती आल्यावर हिशेब पूर्ण करावा. आगाऊ रकमेची सोय नसेल, तर प्रतिपूर्तीसाठी मुदत लिहून ठेवावी आणि मंजुरीचा अधिकार त्या पदाधिकाऱ्याच्या हाताखालील व्यक्तीकडे ठेवू नये.

पक्षाने, एखाद्या हितचिंतकाने किंवा आधीच्या मालकाने हे शुल्क भरले तर चालेल का?

चालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दिलेली रक्कम लहान असली तरी पदग्रहणाचा तो क्षण असा असतो की तिची आठवण राहते. अडचणीच्या दिवशी धावून आलेल्या माणसाचा पुढे एखादा परवाना किंवा निविदा समोर आली, तर पदाधिकारी त्याच्याशी मिंधा नसला तरी लोकांना तसे वाटणारच, आणि त्या संशयाचे निराकरण करणे जवळपास अशक्य असते. पक्षाच्या बाबतीत आक्षेप थोडा वेगळा आहे. पक्ष निवडणुकीचा खर्च करतोच, तेव्हा हे आणखी थोडे केले तर काय, असे म्हटले जाते. पण त्यामुळे अपक्ष उमेदवार आणि पक्षाचा उमेदवार यांच्यात निवडणूक संपल्यावरही भेद राहतो. पद मिळाल्यानंतर दोघेही सर्व जनतेचे सेवक असतात आणि त्यांच्या पदग्रहणाचा खर्च एकाच ठिकाणाहून व्हायला हवा.

सधन पदाधिकाऱ्याला स्वतःहूनच भरायचे असेल तर?

त्याचा हेतू आदरणीय आहे, तरीही संस्थेने ते स्वीकारू नये असे आम्ही सुचवतो. एकाने स्वेच्छेने भरले की पुढच्याकडे तीच अपेक्षा केली जाते, आणि न भरणारा लोभी ठरतो. काही वर्षांनी ‘येथे शुल्क पदाधिकारीच भरतात’ अशी प्रथा तयार होते, जी कोणत्याही ठरावात नसते. मोठी पदे विनामूल्य सांभाळणाऱ्या सधनांच्या औदार्यावर चाललेल्या संस्थांत सामान्य माणसाला जागा उरत नाही, हा युरोपातील एकोणिसाव्या शतकाचा अनुभव आहे. ब्रिटनमध्ये संसद सदस्यांसाठी मालमत्तेची अट १८५८ मध्ये गेली, पण सदस्यांना वेतन मिळू लागले ते १९११ मध्ये, वर्षाला ४०० पौंड. या दोन्ही मागण्या कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चार्टिस्ट चळवळीने १८३८ च्या सनदेतच केल्या होत्या. ज्याला द्यायचेच आहे त्याने पदग्रहणाशी संबंध नसलेल्या मार्गाने, सर्वसाधारण देणगी म्हणून द्यावे.

निवडणुकीची अनामत रक्कम किंवा उमेदवारी शुल्क यांनाही हाच न्याय लावायचा का?

पूर्णपणे नाही. उमेदवारी ही पदाच्या आधीची पायरी आहे. उमेदवार अनेक असतात आणि त्यांच्यापैकी कोण गंभीर आहे हे ओळखण्याची काही व्यवस्था असावी, हा युक्तिवाद निराधार नाही. ब्रिटनने १९१८ मध्ये १५० पौंडांची अनामत ठेवली ती याच हेतूने. १९८५ मध्ये ती ५०० पौंड झाली आणि त्याच वेळी ती परत मिळण्यासाठी लागणाऱ्या मतांचे प्रमाण एकअष्टमांशावरून ५ टक्क्यांवर आणले गेले. रक्कम वाढवताना ती परत मिळणे सोपे केले गेले, हे विसरू नये.

मात्र पैसा हे गांभीर्याचे माप म्हणून फार कच्चे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये टेक्सासमधील पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकांचे शुल्क रद्द ठरवले. काही पदांसाठी ते ८,९०० डॉलरपर्यंत गेले होते आणि निवडणूक घेण्याचा खर्च त्यातून भागवला जात होता. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, शुल्क भरू न शकणाऱ्या उमेदवारासाठी दुसरा मार्ग ठेवला नसेल तर केवळ शुल्काअभावी त्याचे नाव मतपत्रिकेतून वगळता येणार नाही. त्या खटल्यातील शुल्क ७०१ डॉलर ६० सेंट होते. ठरावीक संख्येने मतदारांच्या सह्या गोळा करणे हा पर्याय आम्हाला अधिक योग्य वाटतो. त्यात उमेदवाराचे कष्ट आणि लोकांतील स्थान दोन्ही दिसतात. निवडणूक संपल्यानंतर मात्र गांभीर्य तपासण्याचा प्रश्न उरत नाही, आणि म्हणून पदग्रहणाच्या शुल्कासाठी हा युक्तिवाद वापरता येत नाही.

दुसऱ्या देशाचे नागरिकत्व सोडण्यासाठी लागणारे शुल्क कोणी भरावे?

या प्रश्नाला स्वच्छ उत्तर नाही, आणि ते का नाही हे ऑस्ट्रेलियाच्या अनुभवावरून कळते. तेथील राज्यघटनेच्या कलम ४४ नुसार परकीय नागरिकत्व असलेली व्यक्ती संसदेवर निवडून येण्यास अपात्र ठरते. ऑक्टोबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने एकाच निकालात पाच जणांची निवड अवैध ठरवली, आणि त्यांत तेव्हाचे उपपंतप्रधान बार्नबी जॉइस हेही होते. मे २०१८ मध्ये सिनेटर केटी गॅलाघर यांची निवड रद्द झाली. त्यांचे प्रकरण बारकाईने पाहावे असे आहे. त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व सोडण्याचा अर्ज शुल्कासह एप्रिल २०१६ मध्ये पाठवला. शुल्क मे महिन्यात त्यांच्या खात्यातून वळतेही झाले. ब्रिटिश कार्यालयाने नंतर आणखी कागदपत्रे मागवली आणि नोंद झाली ऑगस्टमध्ये. मतदान २ जुलैला होऊन गेले होते. अर्ज वेळेत केला होता, पैसे वेळेत भरले होते, तरी पद गेले.

येथे शुल्क परकीय शासनाला जाते, ते त्या शासनाच्या मर्जीने ठरते, आणि ते उमेदवारीच्या आधी भरावे लागते, म्हणजे कोण निवडून येणार हे माहीत नसताना. अमेरिकेने नागरिकत्व सोडण्याचे शुल्क २०१४ मध्ये ४५० डॉलरवरून २,३५० डॉलर केले, तेव्हा जगात कुठेही निवडणुकीला उभे राहू पाहणाऱ्या दुहेरी नागरिकाचा खर्च एका रात्रीत पाचपटीहून अधिक झाला. सर्व संभाव्य उमेदवारांचे हे शुल्क सार्वजनिक निधीतून भरणे व्यवहार्य नाही. निवडून आलेल्याला नंतर प्रतिपूर्ती देता येईल. पण त्याहून चांगला उपाय म्हणजे अटच अशी लिहावी की, निवडून आल्यावर आणि पदभार घेण्याआधी नागरिकत्व सोडण्याची मुदत मिळावी. मग शुल्क खऱ्या अर्थाने पदग्रहणाचे होते आणि संस्थेने ते भरण्यात अडचण राहत नाही.

शुल्क नाही, पण मालमत्ता असण्याची अट आहे, असे असेल तर?

अशा अटीचा परिणाम शुल्कापेक्षा कठोर असतो. कॅनडाच्या १८६७ च्या घटनाकायद्यानुसार सिनेटरची आपल्या प्रांतात किमान ४,००० डॉलर मूल्याची स्थावर मालमत्ता असावी लागते. १९९७ मध्ये नोव्हा स्कोशियातील पेगी बट्स या धर्मभगिनीची सिनेटवर नेमणूक झाली. त्यांनी अपरिग्रहाचे व्रत घेतलेले होते आणि त्यांच्या नावावर काहीच नव्हते. शेवटी त्यांच्या धर्मसंघाने जमिनीचा एक लहान तुकडा त्यांच्या नावे करून दिला आणि त्या पदावर बसू शकल्या. त्यांच्यामागे संघ होता म्हणून वाट निघाली. ज्याच्यामागे असे कोणी नाही त्याच्यासाठी हीच अट बंद दार ठरते, आणि येथे संस्थेने खर्च उचलण्याचा प्रश्नच येत नाही. अट काढून टाकणे हाच उपाय आहे.

व्यावसायिक परवान्याचे वार्षिक शुल्क पदाधिकाऱ्याने भरावे की संस्थेने?

सरकारी वकील, शवचिकित्सक किंवा अभियंता अशा पदांसाठी व्यावसायिक नोंदणी चालू असावी लागते. पदावर असताना खासगी व्यवसायास बंदी असेल, तर नोंदणीचा उपयोग फक्त संस्थेला होतो आणि शुल्क संस्थेनेच भरावे. खासगी व्यवसायास मुभा असेल, तर शुल्क पदाधिकाऱ्याने भरणे योग्य आहे. नोंदणी मिळवण्यासाठी पूर्वी घेतलेल्या शिक्षणाचा खर्च अर्थातच कोणीही भरून देऊ नये.

हितसंबंधांचा संघर्ष टाळण्यासाठी समभाग विकावे लागले आणि त्यावर कर बसला, तर तो कोणी सोसायचा?

येथे सार्वजनिक निधीतून भरपाई देणे आम्हाला मान्य नाही, कारण विकलेल्या समभागांचे पैसे त्या व्यक्तीलाच मिळतात. पण विक्रीची वेळ तिने निवडलेली नसते, हेही खरे. अमेरिकेत १९८९ च्या कायद्याने यावर मध्यममार्ग काढला: हितसंबंधांमुळे मालमत्ता विकाव्या लागणाऱ्या कार्यकारी शाखेतील अधिकाऱ्याला तसे प्रमाणपत्र मिळाले आणि त्याने ती रक्कम ठरावीक मुदतीत परवानगी असलेल्या साधनांत गुंतवली, तर त्या नफ्यावरील कर पुढे ढकलला जातो. कर माफ होत नाही, फक्त लांबतो. मात्र या विक्रीसाठी किंवा संपत्तीच्या विवरणपत्रासाठी संस्थेच्या नमुन्यानुसार लेखापालाचे प्रमाणपत्र सक्तीचे असेल, तर त्या प्रमाणपत्राचा वाजवी खर्च संस्थेने द्यावा.

पद विनामानधन असेल तर?

तर संस्थेची जबाबदारी अधिकच वाढते. इंग्लंडमध्ये शाळांच्या नियामक मंडळांवरील सदस्यांसारख्या स्वयंसेवकांच्या गुन्हेगारी नोंदींच्या तपासणीसाठी शासकीय शुल्क आकारले जात नाही. तपासणी हाताळणारी मध्यस्थ संस्था मात्र आपले वेगळे शुल्क लावू शकते, आणि असे छोटे हाताळणी शुल्कच पुष्कळदा स्वयंसेवकाच्या माथी येते. मुख्य शुल्क माफ केल्याचा नियम लिहिताना हे दुय्यम शुल्कही त्यात आवर्जून लिहावे.

निवडून आलेल्या व्यक्तीने शुल्क भरण्यास नकार दिला, तर तिला पदापासून रोखता येते का?

कायद्यात तशी अट असेल तर येते, आणि म्हणूनच ही अट धोकादायक आहे. पदाशी जोडलेला पैसा नको असलेल्या लोकांविरुद्ध कसा वापरता येतो, याचा दाखला अठराव्या शतकातील लंडनमध्ये मिळतो. शेरीफपदी निवडल्यावर पद नाकारणाऱ्याला तेथे ६०० पौंडांपर्यंत दंड होता. अधिकृत चर्चच्या बाहेरच्या पंथांचे लोक त्या वेळच्या कायद्याप्रमाणे चर्चचा धर्मसंस्कार घेतल्याशिवाय हे पद स्वीकारू शकत नव्हते. तरीही त्यांना मुद्दाम निवडले जाई, त्यांनी नकार दिला की दंड वसूल होई, आणि त्या दंडातून १५,००० पौंडांहून अधिक रक्कम महापौरांच्या नव्या निवासस्थानासाठी जमा झाली. १७६७ मध्ये उमराव सभागृहाने हा प्रकार बेकायदा ठरवला. पदाच्या दाराशी पैसे घेण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, तो त्याचा उपयोग माणसे निवडण्यासाठी करू शकतो. म्हणून शुल्क न भरल्याबद्दल पद नाकारण्याची तरतूद कोणत्याही नियमावलीत असू नये.

नियम लिहिताना कोणत्या गोष्टी स्पष्ट कराव्यात?

प्रत्येक अटीसमोर तिचे शुल्क कोणत्या लेखाशीर्षातून भरले जाईल हे लिहावे. हे निवडणूक किंवा भरती जाहीर होण्याआधी ठरलेले असावे, म्हणजे विशिष्ट व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून निर्णय झाल्याचा आरोप होणार नाही. आधीच पदावर असलेल्यांनी स्वतःच्या भूतकाळातील शुल्काची भरपाई स्वतःच मंजूर करून घेऊ नये; नवा नियम पुढच्या कार्यकाळापासून लागू करावा. तातडीच्या सेवेसाठी लागणारे जादा शुल्क संस्थेच्या वेळापत्रकामुळे लागले असेल तर संस्थेने भरावे, आणि पदाधिकाऱ्याच्या दिरंगाईमुळे लागले असेल तर त्याने भरावे. हरवलेल्या कागदपत्रांच्या दुसऱ्या प्रतीचे शुल्कही ज्याच्या हातून ते हरवले त्यानेच द्यावे.

शुल्क भरल्यानंतर त्या व्यक्तीने पद स्वीकारलेच नाही किंवा लवकर सोडले, तर रक्कम वसूल करायची का?

सर्वसाधारणपणे करू नये. आजारपण, कौटुंबिक अडचण किंवा मतभेदामुळे दिलेला राजीनामा यांवर वसुलीची टांगती तलवार ठेवली, तर लोक नाइलाजाने पदाला चिकटून राहतील आणि त्याचा तोटा शुल्काच्या रकमेपेक्षा मोठा असेल. अपवाद एकच ठेवावा: व्यक्तीने जाणूनबुजून खोटी माहिती दिली आणि पडताळणीत ती उघड झाल्यामुळे पद गेले, तर झालेला खर्च तिच्याकडून मागावा. ही वसुलीही लेखी नोटीस देऊन, म्हणणे मांडायची संधी देऊन आणि संस्थेच्या इतर येण्यांसाठी जी पद्धत आहे त्याच पद्धतीने व्हावी. देय मानधनातून ती परस्पर कापून घेऊ नये.